समुद्रकाठी चार्जिंगची गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची वाडी दापोली तालुक्यात, अगदी पुळणीला लागून. घरात एक बॅटरीची सायकल आहे आणि एक इलेक्ट्रिक स्कूटर. हर्णै बंदरावर म्हावरं घ्यायला गेलो किंवा एसटीच्या थांब्यावर उभा राहिलो की कुणी ना कुणी गाडीभोवती एक चक्कर मारतो, टायर दाबून बघतो आणि विचारायला लागतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. शहरातल्या माणसाला यातलं बरंचसं लागणार नाही. त्याला ना खारं वारं, ना चिऱ्याची घाटी.

चार्जिंगची गाडी म्हणजे नक्की काय? लायसन लागतं का?

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलंय. पहिली पायडलवाली ई-सायकल. मोटर 250 वॉटच्या आतली, ताशी 25 किलोमीटरला मोटरची मदत बंद होणारी आणि पायडल थांबवलं की मोटरही थांबणारी. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती मोटार वाहन धरली जात नाही, त्यामुळे नंबर, लायसन, विमा काही नको. पायडल नसलेल्या छोट्या स्कूटरलाही अशी सूट आहे, पण मोटर 250 वॉटच्या आत, वेग 25 च्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, या तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच.

त्यावरची कुठलीही गाडी म्हणजे पेट्रोलच्या स्कूटरची सख्खी बहीण. तिला आरसी, विमा, लायसन, हेल्मेट सगळं लागतं. खाजगी गाडीची नंबरप्लेट हिरवी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं.

दुकानदार म्हणतो, 25 ची गाडी 45 ची करून देतो. घेऊ का?

नको. एक वायर तोडली की वेग वाढतो, हे खरं आहे. पण त्याच क्षणी ती बिननंबरची, बिनविम्याची मोटारगाडी होते. बाजारात एखादी म्हातारी मध्ये आली, तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल. शिवाय गाडीचे ब्रेक 25 च्या हिशोबाचे असतात. वायर तोडणारा ते काही बदलून देत नाही.

आमची घाटी चढेल का?

हा कोकणातला पहिला प्रश्न आणि तो असायलाच हवा. मुंबईत गाडी किती पळते ते विचारतात, आपल्याकडे किती चढते ते विचारावं लागतं.

आकडाच मांडू. दापोली समुद्रसपाटीपासून साधारण 800 फुटांवर आहे, म्हणजे 240 मीटर. आम्ही समुद्राच्या पातळीवर. स्कूटर आणि दोन माणसं मिळून 245 किलो धरा. एवढं वजन 240 मीटर उचलायला 160 वॉट-तास लागतात (हजार वॉट-तास म्हणजे एक किलोवॉट-तास, बिलातलं एक युनिट). मोटर आणि कंट्रोलरमध्ये (मोटरला वीज मोजून देणारी पेटी) उष्णता होऊन जाते ती मिळवली की बॅटरीतून 210 च्या आसपास जातात. सपाट रस्त्याला हीच स्कूटर किलोमीटरमागे 25 ते 30 वॉट-तास खाते. म्हणजे दापोलीचा चढ हा सात-आठ किलोमीटर जादा रस्ता समजा. तीन किलोवॉट-तासांच्या बॅटरीला हे जड नाही. स्कूटरवाल्याने घाटीची फार चिंता करू नये.

सायकलचं वेगळं. माणूस 70 किलो आणि सायकल 25 किलो धरली, तर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी दहाच्या वेगाने जायला 260 वॉट नुसते उंची गाठायला हवेत. 250 वॉटची मोटर तिथे एकटी पुरत नाही, पायांनी मदत करावीच लागते. काही सायकलींना थ्रॉटल असतो, त्याच्यावर नुसती मूठ पिळून, पायडल न मारता चढवायला गेलात तर वेग पडत जातो आणि मोटर तापते. मोटर चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या हबमध्ये, बसवलेली असेल तर हे आणखी जाणवतं, कारण अशा मोटरला सायकलच्या गिअरचा काही उपयोग होत नाही, ती चाकाच्याच वेगाने बांधलेली. पायडलपाशी मोटर असते ती सायकल चेन आणि गिअरमधून जोर लावते, म्हणून चढणीला सरस. महाग मात्र बरीच. रोज घाटी असेल तर ते पैसे वाया जात नाहीत. आंजर्ल्यासारख्या सपाट पट्ट्यात, माडांच्या मधून, दुकान-शाळा-देऊळ एवढंच फिरायचं असेल तर तुंब्यातली मोटर छान.

चढ लागायच्या आधी हलका गिअर टाका. अर्ध्या घाटीत थांबून पुन्हा सुरू करणं हे मोटरला आणि गुडघ्याला सारखंच वाईट. चढून आल्यावर तुंब्याला हात लावून बघा. चटका बसला तर दहा मिनिटं सावलीला उभी करा. वर एखादी चहाची टपरी असतेच.

उतारावर बॅटरी भरते म्हणतात, खरं का?

थोडीफार. तीही सगळ्या गाड्यांत नाही. तुंब्यात दातेरी चाकं असलेली मोटर उताराला नुसती मोकळी फिरते, ती काही परत देत नाही. स्कूटरमध्ये ही सोय बहुधा असते, उताराला मोटरच गाडी रोखते आणि ती वीज बॅटरीत जाते. पण सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. सकाळी शंभर टक्के चार्ज करून निघालात आणि लगेच उतार लागला, तर भरलेल्या बॅटरीत जागाच नसते. गाडी मोटरने रोखायचं बंद करते किंवा कमी करते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. रोजच्या सवयीचा अडसर त्या दिवशी लागत नाही आणि वळणावर माणूस दचकतो. घर वर असेल तर 85-90 टक्क्यांवरच प्लग काढा.

एका चार्जमध्ये किती जाते? कंपनी सांगते ते खरं का?

कंपनीचा आकडा ठरीव चाचणीतला असतो. त्या चाचणीत परशुराम घाट नसतो, मागे बसलेला मेहुणा नसतो. मी तीन चतुर्थांश धरतो, आपल्या रस्त्यांना त्याहूनही कमी. सायकलला 36 व्होल्ट 10 अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे 360 वॉट-तास. पायडल मारत 30 ते 40 किलोमीटर, नुसत्या थ्रॉटलवर 20-25. दापोली चढताना सगळं काम मोटरवर टाकलंत तर त्यातला जवळपास पाव भाग घाटीतच संपतो.

खाऱ्या वाऱ्याने गाडी खराब होते का?

होते. आणि लोक समजतात तिथून होत नाही. सगळ्यांना भीती बॅटरीची, ती बिचारी सीलबंद पेटीत असते. मरतात ते कनेक्टर, ब्रेक आणि नटबोल्ट.

पहिल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझी सायकल झटके देत बंद पडायला लागली. बॅटरी गेली असं मी धरून चाललो, नव्या बॅटरीची किंमतही विचारून आलो. शेवटी एका संध्याकाळी ओटीवर सायकल उलटी करून मोटरच्या वायरची जोडणी उघडली. आत मोरचुदासारखी हिरवी-निळी पूड. पिना कळंकलेल्या, त्यातली एक तर बोटाने हलवली तशी तुटून हातात आली. खर्च काही शे रुपयांचा. बॅटरी मात्र ठणठणीत, ती अजूनही चालतेय.

हे असं का होतं ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. आपल्या किनाऱ्याला वर्षातले बरेच महिने हवा तेवढी दमट असते. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे बारीक कण गाडीवर बसतात आणि गाडी कोरडी दिसली तरी धातूवर खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर कायम राहतो. त्यात ॲल्युमिनियमची फ्रेम आणि पोलादी बोल्ट एकमेकांना टेकलेले, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरतं आणि बोल्ट असा बसतो की पाना वाकेल पण तो सुटणार नाही.

मी काय करतो ते सांगतो. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याची बादली आणि फडकं. पाइपचा जोराचा फवारा नको, सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप तर मुळीच नको. तो तुंब्याच्या आसापाशी, डिस्प्लेमध्ये आणि जोडण्यांत पाणी घुसवतो. पुसून झाल्यावर गाडी वाऱ्यावर उभी करायची. वर्षातून दोनदा, एकदा मृग लागायच्या आधी आणि एकदा दसऱ्यानंतर, बॅटरी काढून सगळे कनेक्टर उघडतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो, वाळू देतो आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देऊन परत बसवतो. बोल्ट एकेक करून सैल करायचा, आट्यांना ग्रीस लावायचं, पुन्हा आवळायचा. वायर कनेक्टरमध्ये वरून सरळ उतरत असेल तर तिला खाली एक झोळ द्या. पाणी झोळातून टपकतं, कनेक्टरमध्ये जात नाही.

आणि ते निळं प्लास्टिक! गाडी जपायची म्हणून लोक ताडपत्रीत गच्च गुंडाळून ठेवतात. आत दमट हवा कोंडते आणि उघड्यावरच्यापेक्षा लवकर गंज चढतो. वर छप्पर आणि बाजूंनी वारा खेळता असला की झालं. पडवीचा समुद्राकडचा कोपरा सोडून आतल्या अंगाला उभी केली तरी फरक पडतो.

पावसात शॉक लागेल का?

हा प्रश्न आमच्या काकीचा. सायकलवर बसायच्या आधी तिने दोन बोटांनी हँडलला हात लावून पाहिला, तापलेल्या तव्याला लावतात तसा. नाही लागत. सायकलची बॅटरी 36 किंवा 48 व्होल्टची, घरातल्या 230 व्होल्टसारखी नाही. चालत्या गाडीवर पाऊस पडला म्हणून माणसाला धक्का बसत नाही. ओल्या हाताने चार्जरचा भिंतीकडचा प्लग काढू नका, तिथे मात्र 230 आहेत.

गाडीला पावसाचं काय? पेटीवर आयपी 67 असं काही लिहिलेलं असतं. 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी पाणी शिरणार नाही. ही चाचणी गोड्या पाण्यातली आणि नव्या गाडीवरची आहे. तीन पावसाळे खाल्लेलं रबर तेवढंच घट्ट असेल असं धरू नका. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ कुठे पडतो, आडवा येतो. पावसात जा, खुशाल जा. पण रस्त्यावर साठलेलं पाणी चाकाच्या आसाच्या वर असेल तर उतरून परत फिरा. तापलेला तुंबा थंडगार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि आसाजवळून पाणी आत ओढून घेते.

पावसात खरी भीती शेवाळाची. मोटरचा जोर एकदम येतो. वाडीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर, चिऱ्यांच्या पाखाडीजवळ मागचं चाक कधी घसरलं ते कळतसुद्धा नाही. जून ते सप्टेंबर सगळ्यात कमी मोडवर चालवा.

पुळणीवर चालवली तर?

पर्यटक चालवतात, फोटो छान येतात. खारं पाणी आणि वाळू एकदम बेअरिंगमध्ये. शिवाय वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात. गाडी सुरूच्या बनाअलीकडे लावा आणि चालत जा.

घरचा प्लग चालेल का? बिल किती येईल?

सायकलचा चार्जर शंभर वॉटच्या आसपास घेतो, दीड पंख्याएवढा. कुठलाही नीट प्लग चालेल. स्कूटरचा चार्जर सातशे-आठशे वॉटचा किंवा त्याहून मोठा, आणि तो सलग चार-पाच तास चालतो. त्याला 16 अँपियरचा मोठा सॉकेट, स्वतंत्र वायर आणि अर्थिंग हवंच. एक्स्टेंशन बोर्डवर लावून पडवीत ओढलेली वायर तापते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर तिथेच थांबा.

अर्थिंगवर जरा थांबतो, कारण आपल्याकडे तेच कच्चं असतं. आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मेमध्ये जांभा इतका सुकतो की अर्थिंगची कांब नुसती शोभेला राहते. चार्जर दिवा दाखवत नाही, गाडी ‘अर्थ फॉल्ट’ म्हणते आणि माणूस कंपनीला फोन लावतो. एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतून बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात न्हाणीघराचं पाणी तिकडेच सोडलंय, सोबत एक केळ पण वाढलीय. बोर्डात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप तोडणारा खटका, बसवून घ्या. गाडी असो नसो, घरात तो हवा.

बिलाचं सोपं आहे. तीन किलोवॉट-तासांची स्कूटर पूर्ण भरायला भिंतीतून साडेतीन युनिटच्या आसपास जातात, सायकलला अर्ध्या युनिटपेक्षा कमी. महावितरणच्या बिलात तुमच्या टप्प्याचा दर बघून गुणा. दहा रुपये धरले तर स्कूटर 35 रुपयांत आणि सायकल पाच रुपयांत. पेट्रोलशी तुलना तुमची तुम्ही करा, मी केली की लोक मला एजंट समजतात.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढून ठेवा. खटका बंद करून भागत नाही.

लाईट गेली तर?

जाणारच. म्हणून संध्याकाळी भरू असं ठेवू नका, निम्म्यावर आली की लावा. लिथियमच्या बॅटरीला अधूनमधून थोडं थोडं भरलेलं चालतं, उलट आवडतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. तसा प्रसंग आला तर चार्जिंगची गाडी म्हणजे खुंटीला टांगलेली छत्री. घरात एकच गाडी असेल आणि दवाखाना लांब असेल, तर हा विचार करूनच घ्या. मी तरी पेट्रोलची जुनी गाडी विकलेली नाही.

इन्व्हर्टरवर सायकल भरता येते, तो शुद्ध साइन वेव्हचा असेल तर. स्कूटर नाही. घरच्या 150 अँपियर-तासांच्या बॅटरीत सगळी मिळून 1.8 किलोवॉट-तास वीज असते आणि हाताशी येते त्याहून बरीच कमी. गाडी अर्धीही भरणार नाही, वर रात्री पंखा बंद.

रात्रभर लावून झोपलं तर पेट घेते का?

चांगल्या बॅटरीत बीएमएस नावाचं सर्किट असतं, ते भरली की तोडतं. तरी मी झोपेत लावत नाही. पेटल्याच्या बातम्या सगळ्यांनी ऐकल्यात. 2022 मध्ये बऱ्याच घटना घडल्यावर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 हे निकष कडक केले आणि 1 डिसेंबर 2022 पासून दोन टप्प्यांत लागू केले. जुनी नोंदणीची स्कूटर घेताना बनावटीची तारीख त्या हिशोबाने बघा.

घाटी चढून आल्यावर लगेच प्लग लावू नका, अर्धा-पाऊण तास निवू द्या. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा. 36 व्होल्टची बॅटरी भरून 42 ला थांबते, 48 ची 54.6 ला, आणि लोहफॉस्फेटवाल्या पेशी (लिथियमचाच दुसरा प्रकार) असतील तर आकडे आणखी वेगळे. पिन बसली म्हणून चार्जर चालतो असं नाही. आणि जागा! कोकणी घरात गाडी नेमकी मांगरात जाते, एका बाजूला पेंढा, दुसऱ्या बाजूला शेणी आणि वर्षाची लाकडं. चार्जिंग तिथे नको, माजघराच्या दाराशीही नको. पेटली तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी. आग लागलीच तर माणसं आणि गुरं लांब करा, अग्निशमनला फोन करा. या आगीला भरपूर पाणी लागतं, सतत, थंड करण्यासाठी. एक बादली वाळू टाकून ती विझत नाही.

पुराच्या पाण्यात बुडाली, आता सुकलीय. चालू करून बघू का?

नको, चावीही लावू नका. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. पेट्रोलची गाडी धुऊनपुसून, ऑइल बदलून चालू होते. इथे बॅटरीत पाणी गेलं असेल तर आत हळूहळू शॉर्ट होत राहतं आणि पेट कधीकधी काही दिवसांनी घेते. खाडीचं खारं पाणी असेल तर जास्तच. बॅटरी काढता येत असेल तर काढून घरापासून लांब उघड्यावर, चिऱ्यावर ठेवा आणि सर्व्हिसवाल्याला तिथेच बोलवा. पुराचा इशारा आला की गाडी आधी उंचावर न्या, टीव्ही-फ्रिज नंतर.

आम्ही मुंबईला असतो. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच येणं. गाडी ठेवून जावी का?

चाकरमान्यांचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर त्यांना आवडत नाही. दर दोन महिन्यांनी कुणी हात लावणार नसेल तर ठेवू नका.

निघताना गाडी शंभर टक्के भरून जातात, ही पहिली चूक. भरलेली लिथियम बॅटरी उकाड्यात पडून राहिली की लवकर म्हातारी होते. रिकामी ठेवणं त्याहून वाईट. बीएमएस थेंब थेंब वीज खात असतो, चार महिन्यांत पेशी इतक्या खाली जातात की चार्जर ओळखच देत नाही. मग कुणीतरी हुशार माणूस थेट करंट देऊन ‘जागी’ करतो. तसं करू देऊ नका, आगीची सुरुवात तिथून होते. बरोबर पद्धत अशी : निम्म्यावर ठेवायची, बॅटरी सुटी होत असेल तर काढून घरातल्या थंड कोरड्या खोलीत, आणि शेजाऱ्याला महिन्या-दोन महिन्यांनी बघायला सांगून पुन्हा निम्म्यावर आणायची. स्कूटरमध्ये दिवे-हॉर्नसाठी बारकी 12 व्होल्टची बॅटरी वेगळी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हूं की चूं करत नाही. लोक उगाच घाबरतात.

शेजाऱ्याला आणखी एक काम सांगा : चार्जिंगच्या भोकाचं झाकण लावलंय का ते पाहणं. मागच्या मेमध्ये आमच्या भावोजींच्या स्कूटरला प्लग बसेना. टॉर्च लावून पाहिलं तर आत कुंभारीण माशीने मातीचं सुबक घरटं केलेलं, वर आतमध्ये सुकलेल्या अळ्या. दात कोरायच्या काडीने अर्धा तास कोरत बसलो. लोखंडी तार घालू नका हे सांगायला नको. उंदरांचा तर विषयच वेगळा. आंबा संपला की त्यांना वायरीच गोड लागतात.

पंक्चर कोण काढणार?

स्कूटरला बहुतेक ट्यूबलेस टायर, त्याचं काही अडत नाही. सायकलचं मागचं चाक बघून मात्र गावातला पंक्चरवाला हात वर करतो, त्याला मोटरची भीती. त्याला समोर उभं राहून एकदा दाखवा : बॅटरी बंद, मोटरची वायर जोडणीतून सुटी, दोन्ही बाजूंचे नट सैल. बहुतेक तुंब्यांना 18 चा पाना लागतो. त्याच्याकडे तो नसतो, तुम्ही बाळगा. वायसर कुठल्या क्रमाने होते त्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यातला दातवाला वायसर उलटा बसला तर मोटर जोर लावताना आसच फिरतो आणि वायर पिळून तुटते. खरं तर पुष्कळदा चाक काढायची गरजच नसते. ट्यूब एका बाजूने बाहेर ओढून जागच्या जागी ठिगळ लावता येतं.

चेनला खोबरेल चालेल का?

आपल्याकडे खोबरेल केसांना चालतं, बिजागरीला चालतं, मग चेनला का नाही? कारण ते धूळ धरतं आणि चिकट होतं. थंडीत दापोलीला पहाटे पारा विशीच्या खाली जातो, खोबरेल पंचविशीच्या आतच थिजतं. बाटली बघितली असेलच. चेनचं तेल वेगळं मिळतं, ते घ्या. डिस्क ब्रेकला कसलंच तेल नाही, कितीही किरकिरला तरी. पावसाळ्यात पॅड दर महिन्याला पाहा. लाल माती त्यांना कानसीसारखी घासते.

फेरीबोटीने नेता येते का?

दाभोळ-धोपावे आम्ही नेहमी जातो. गाडी बंद करा, बोटीच्या मधल्या भागात लावा, पलीकडे उतरल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

लीड ॲसिडची स्वस्त आहे, ती घेतली तर?

घ्यायच्या आधी उचलून बघा. घाटीला ते सगळं वजन वर न्यायचंय. आणि अर्धवट चार्ज ठेवली की ती बॅटरी लवकर मरते. आपल्या लाईटचा भरवसा बघता ती अर्धवटच राहणार.

सिलिंडर, नारळ, पोती?

घरगुती सिलिंडर भरलेला तीस किलोच्या घरात जातो. सायकलच्या कॅरियरवर बहुधा 25 असा ठसा असतो. तो ठसा वाचा. स्कूटरवर नारळाचं पोतं पायाशी ठेवतात, तेव्हा हँडल पूर्ण वळतंय का ते आधी उभ्याउभ्या बघा.

आवाज नसल्याने त्रास होतो का?

होतो, दुसऱ्यांना. पाठीमागून येणारी गाडी रस्त्यात बसलेल्या गाईला, कुत्र्याला आणि आमच्या आबांना कळत नाही. पितळी घंटी लावलीय. वळणावर वाजवतो. आबा म्हणतात, पूर्वी बैलगाडीला होती तशीच झाली.

सर्व्हिस सेंटर जवळ नाही. काय करावं?

गाडी निवडताना हाच प्रश्न पहिला ठेवा, रंग शेवटी. माझ्या सायकलचा कंट्रोलर गेला तेव्हा विकणाऱ्याने ‘आठ दिवसांत पार्ट येईल’ असं सांगितलं आणि दोन महिने फोन उचलला नाही. वॉरंटी कागदावर होती, माणूस नव्हता. शेवटी त्याच व्होल्टचा, तेवढ्याच अँपियरचा सुटा कंट्रोलर मागवून गावातल्या पंखे-मोटर बांधणाऱ्या पोराने बसवला, तासाभरात. तेव्हापासून मी सांगतो, सायकल घ्यायची तर जिचे भाग बाजारात सुटे मिळतात ती घ्या. स्कूटर घ्यायची तर तालुक्यात ज्या गाडीचा मेकॅनिक आहे ती. दापोली, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, जिथे तुमचा बाजार असेल तिथे जाऊन शटर खरोखर उघडं आहे का ते पाहून या.

बॅटरी किती वर्षं टिकते? जुनीचं काय करायचं?

नेहमीच्या लिथियम पेशी 500 ते 1000 पूर्ण चार्ज देतात, लोहफॉस्फेट त्याच्या दुप्पट किंवा जास्त. त्यानंतर ती मरत नाही, आटत जाते. चाळीस जायची ती तीस जाते. मग ती सायकल वाडीपुरती ठेवता येते.

भंगारवाल्याला मात्र देऊ नका. तो ती कोयत्याने फोडतो, मी पाहिलंय. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्यावर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराच्या टेबलावर ठेवा आणि किती वजावट देतोस ते विचारा. पहिल्यांदा ‘आम्ही घेत नाही’ म्हणेल. बसून राहा, चहा येतो.